ओंडक्यांचं घर बांधण्याआधी सॅम्पल घरात नेमकं काय पाहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ओंडक्यांचं घर बांधायचं जवळपास ठरलंय. तीन कंपन्यांची सॅम्पल घरं पाहायला जाणार आहोत. फोटोंत तर तिन्ही सुंदर दिसतात. प्रत्यक्ष गेल्यावर बघायचं काय आणि विचारायचं काय?"

तिन्ही सुंदर दिसतात हीच अडचण आहे. सॅम्पल घर सोयीच्या सपाट जागेवर, निवडक ओंडक्यांचं आणि कंपनीच्या सगळ्यात तयार सुतारांच्या हातचं असतं. शिवाय त्यात कोणी राहत नाही. रोजच्या आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ नाही, दार आपटणारी मुलं नाहीत. त्यामुळे "कोणतं आवडलं?" या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळेल, पण त्याचा उपयोग थोडा. उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: भिंतीचं लाकूड आकसून खाली बसलं तेव्हा बाकीच्या घराचं काय झालं, आणि पाऊस लागला तेव्हा लाकडाचं काय झालं? या दोन गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. विटांच्या घराचा अनुभव इथे फारसा कामी येत नाही, कारण विटांची भिंत पुढे उंचीने कमी होत नाही.

आत शिरण्याआधीच दोन गोष्टी विचारून घ्या. घर कोणत्या वर्षी उभं राहिलं? आणि ओंडके रचले तेव्हा लाकूड किती ओलं होतं? पुढचं सगळं निरीक्षण या दोन उत्तरांवर अवलंबून आहे. ओल्या ओंडक्यांचं सहा महिन्यांचं घर आणि भट्टीत सुकवलेल्या ओंडक्यांचं सहा वर्षांचं घर यांची तुलना होऊ शकत नाही. पहिलं अजून बसायचंच आहे.

यामागचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे विक्रेत्याचं बोलणं पारखता येईल. लाकडातली ओल साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या वर असेल तोवर ते आकसत नाही. त्याखाली गेलं की आकसायला लागतं, आणि गरम ठेवलेल्या घरात ८ ते १२ टक्क्यांपर्यंत उतरून स्थिरावतं. हे आकसणं जाडीत होतं. लांबीत ते जेमतेम ०.१ टक्का. म्हणजे आडवे ओंडके एकावर एक रचलेली भिंत खाली येते, पण तिच्या शेजारी उभा केलेला खांब होता तेवढाच राहतो. हाताने घडवलेल्या ओल्या ओंडक्यांसाठी सुतार भिंतीच्या उंचीच्या ६ टक्के बसण धरतात. २.४ मीटरच्या भिंतीला ती १४ सेंटीमीटरच्या वर जाते. त्याच उंचीच्या खांबाचे मात्र दोन-तीन मिलिमीटरच कमी होतात. भट्टीत नीट सुकवलेल्या, यंत्रावर कापलेल्या ओंडक्यांत हा आकडा बराच खाली येतो, १–२ टक्के धरले तर २.४ मीटरला अडीच ते पाच सेंटीमीटर. पातळ फळ्या चिकटवून केलेल्या ओंडक्यांत आणखी कमी. पण "आमची भिंत अजिबात बसत नाही" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर लाकडातली ओल कशाने मोजली आणि किती खोलवर मोजली ते विचारा. ओल मोजायच्या यंत्राच्या छोट्या पिना वरचे काही मिलिमीटरच पाहतात. पृष्ठभागावर १५ टक्के दाखवणाऱ्या जाड ओंडक्याचा गाभा ओला असू शकतो. त्यासाठी लांब, बाजूने इन्सुलेशन असलेल्या पिना खोल ठोकाव्या लागतात.

आता आत चला. सोबत मोजपट्टी, लहान पाणसळ, टॉर्च, एक गोटी आणि टिश्यू पेपरची पट्टी ठेवा. गोटीला हसू नका, तिचं काम पुढे येतं.

पहिल्यांदा प्रत्येक दार आणि खिडकी उघडून बंद करून पाहा. अगदी प्रत्येक. ओंडक्यांच्या भिंतीत चौकटीच्या वर मोकळी फट सोडलेली असते. ओल्या ओंडक्यांच्या घरात २.१ मीटर उंचीच्या दारावर ती सुरुवातीला १२–१३ सेंटीमीटरची असते. तीत दाबली जाणारी मऊ इन्सुलेशन भरतात आणि वरून पट्टी झाकतात. ही पट्टी एकाच बाजूला ठोकायची असते, वरच्या ओंडक्याला किंवा चौकटीला. घाईत कोणी दोन्हींना खिळे मारले की भिंतीचा भार चौकटीवर येतो. दार घासायला लागतं, खिडकीची काच ताणाखाली येते. चौकटीची उभी बाजूही ओंडक्यांना थेट ठोकायची नसते. ओंडक्यांच्या टोकांत उभी खाच पाडून तिच्यात लाकडाची पट्टी बसवतात, म्हणजे ओंडके तिच्यावरून खाली सरकतात. विक्रेत्याला म्हणा, एका खिडकीवरची पट्टी काढून दाखवा. अनेक सॅम्पल घरांत अशी एक जागा मुद्दाम उघडी ठेवलेली असते. ती नसेल आणि काढून दाखवायचीही तयारी नसेल, तर तसं वहीत लिहून ठेवा.

मग खांब. पडवीतले, दिवाणखान्यातले, माळ्याखालचे, सगळे. प्रत्येक खांबाच्या डोक्याला किंवा पायथ्याला स्क्रू-जॅक (पेच फिरवून उंची कमी-जास्त करता येणारा आधार) हवा, म्हणजे भिंत जेवढी बसली तेवढा खांब उतरवता येतो. जॅक लाकडी खोक्यात लपवलेला असला तरी चालेल, पण पान्ह्याने तिथवर पोचता आलं पाहिजे. तो शेवटचा कधी फिरवला, हेही विचारा. पहिल्या एक-दोन वर्षांत काही महिन्यांच्या अंतराने फिरवावा लागतो. खांब न उतरवल्याची खूण वरच्या मजल्यावर सापडते: जमीन खांबावर उंच आणि भिंतींकडे उतरती. तिथे गोटी ठेवून पाहा. खालच्या मजल्यावरच्या हलक्या आतल्या भिंतींच्या वरही गोटी फिरवा. या भिंती आडव्या ओंडक्यांच्या नसतात, म्हणून त्या बसत नाहीत. त्यांच्या माथ्याशी फट सोडून वर सरकणारी पट्टी लावायची असते. ती विसरली गेली की वरची जमीन त्या भिंतीवर टेकते आणि तिथे उंचवटा येतो.

जिन्याच्या पायरीवर पाणसळ ठेवा. वरचा मजला खाली येतो तेव्हा जिन्याचा कोन बदलतो. जिना वरच्या टोकाला बिजागरासारखा अडकवून खालचं टोक सरकतं ठेवलेलं असतं. पायऱ्या सुरुवातीला किंचित पुढे कललेल्या असाव्यात, म्हणजे बसल्यावर सपाट होतात. जुन्या घरात त्या मागच्या बाजूला कललेल्या दिसल्या तर हिशेब चुकलाय. स्वयंपाकघरातली भिंतीवरची कपाटं, न्हाणीघरातल्या टाइल्स, छपरातून बाहेर जाणारा सांडपाण्याचा हवेचा नळ, धुराड्याभोवतीचा पत्रा यांनाही हाच नियम. जे जमिनीवर उभं आहे आणि जे भिंतीला टांगलं आहे, ते एकमेकांना घट्ट बांधलेलं नको. टाइल्सच्या कोपऱ्यातली तिरकी तडा गेलेली सांध्याची रेघ बरंच काही सांगते. धुराड्याच्या पत्र्याचे एकमेकांवर सरकणारे दोन भाग हवेत, एकच तुकडा असेल तर छप्पर उतरल्यावर तिथून पाणी येणार.

ओंडक्यांना लांबीच्या दिशेने पडलेल्या भेगा पाहून मात्र घाबरू नका. ओंडका परिघाच्या दिशेने, त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसतो, त्यामुळे सालीकडून गाभ्याकडे जाणारी भेग पडणारच. एरवी तिने भिंत कमजोर होत नाही. पण भेगेचं तोंड कुठे आहे ते बाहेरून पाहा. खाली तोंड असलेली भेग निरुपद्रवी. वर तोंड असलेली भेग म्हणजे पाण्याची पन्हळ, पाऊस थेट गाभ्याशी नेणारी. जाणता सुतार ओंडक्याच्या लपणाऱ्या बाजूला लांब खाच कापतो, म्हणजे भेग बव्हंशी तिथेच पडते. उघड्या भिंतीवर वर तोंडाच्या, सहा मिलिमीटरपेक्षा रुंद भेगा असतील तर त्यात फोमची गोल दोरी आणि वर लवचिक सीलंट भरलेलं दिसलं पाहिजे. नुसतं सीलंट कोंबलं असेल तर ते तीन बाजूंना चिकटतं आणि पुढच्या हालचालीत फाटतं. दोन ओंडक्यांमधल्या रुंद सांध्यांनाही तेच लागू. सिमेंटचा गिलावा तिथे टिकत नाही, लाकूड हलतं आणि तो सुटतो.

पिळाच्या, म्हणजे ज्यांचे धागे सरळ न जाता तिरके वळत जातात अशा ओंडक्यांकडेही एकदा नजर टाका. उजवा हात ओंडक्यावर ठेवा, बोटं लांबीच्या दिशेने. भेगा अंगठ्याच्या दिशेने वळत असतील तर तो डावा पीळ. डाव्या पिळाचा ओंडका सुकताना जास्त पिळवटतो. भिंतीच्या वरच्या थरांत किंवा मुख्य तुळईत असे ओंडके दिसले, तर लाकूड निवडताना डोळेझाक झाली आहे.

पाण्याकडे येऊ. शक्य असेल तर पाऊस चालू असतानाच जा. विक्रेते कंटाळतील, पण एरवी दोन तासांत न दिसणारं तेव्हा पंधरा मिनिटांत दिसतं. छपराच्या पागोळ्या कुठे पडतात? एका मजल्याच्या घराला छप्पर भिंतीपासून निदान ६० सेंटीमीटर बाहेर हवं, दोन मजल्यांना ९० किंवा अधिक. सगळ्यात खालचा ओंडका जमिनीपासून निदान ४५ सेंटीमीटर वर असावा, नाहीतर शिंतोडे त्याला रोज न्हाऊ घालतात. जोतं तेवढं उंच नसेल तर खालच्या दोन थरांवर मातीचे डाग आणि काळसर पट्टा दिसेल. कोपऱ्यांवर बाहेर डोकावणारी ओंडक्यांची टोकं छपराच्या रेषेच्या आत आहेत का, तेही पाहा. टोकातून लाकूड पाणी सगळ्यात जोरात पितं. कोपऱ्यावर एका ओंडक्याचं टोक शेजारच्यापेक्षा काळं दिसत असेल, तर मान वर करा: बहुतेक वर दोन छपरं मिळतात तिथलं पाणी नेमकं तिथेच ओतलं जात असतं.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे बाल्कनी. आतली तुळई भिंतीतून बाहेर काढून तिच्यावर बाल्कनी टेकवलेली असली की दिसते फार छान. पण त्या तुळईला वरून भेग पडते, पाणी भेगेतून भिंतीच्या आत जातं आणि कूज आतून सुरू होते. बाहेर डेक असेल तर तो घराला टेकतो तिथे पाणी साचतंय का आणि त्यावर उडालेलं पाणी भिंतीच्या ओंडक्यांना लागतंय का ते बघा. पडवीच्या खांबाचा पाय काँक्रीटवर थेट उभा नको, मध्ये धातूची बैठक आणि हवेला जागा हवी. सॅम्पल घराभोवतीची बागही तपासा. भिंतीला टेकलेली झुडपं आणि भिंतीवर उडणारा स्प्रिंकलर दिसला, तर त्या घराच्या देखभालीत काय चाललंय ते कळलंच.

परवानगी घेऊन दोन चाचण्या करा. उन्हाच्या बाजूच्या भिंतीवर थोडं पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे राहिले तर लेप शाबूत आहे. लाकूड लगेच गडद झालं तर लेप संपलाय. दुसरी, खिडक्यांच्या खाली, टोकांना आणि खालच्या थराला स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने ठोका. भरीव लाकूड टणत्कारतं, कुजलेलं बद्द वाजतं. लेप शेवटचा कधी दिला ते विचारा. बाहेरचा लेप साधारण तीन ते पाच वर्षांनी पुन्हा लागतो, उन्हाच्या बाजूला लवकर. देखभालच नाही असं सांगणाऱ्याकडून बाकीची माहितीही जपून घ्या. बोरेटचा हात दिलाय का, हेही विचारा. ते बुरशी आणि किडीपासून वाचवतं, पण पावसात धुऊन जातं, म्हणून त्यावर पाणी अडवणारा लेप हवाच. लाकडाच्या जातीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा: वेस्टर्न रेड सीडरचा गाभा टिकाऊ, हे खरं. पण सालीलगतचं फिकट लाकूड कोणत्याच जातीचं कुजण्याला दाद देत नाही. जातीच्या नावावर छपराची लांबी कमी करणाऱ्याचं ऐकू नका.

वारा आणि ऊब यांवर विक्रेते सगळ्यात जास्त बोलतात, म्हणून इथे आकडे जवळ ठेवा. मऊ लाकडाची उष्णतावाहकता साधारण ०.१२ वॉट प्रति मीटर केल्विन. त्यावरून २० सेंटीमीटर जाडीच्या सपाट भिंतीचं यू-मूल्य (भिंतीतून किती उष्णता निघून जाते तो आकडा, जितका कमी तितका चांगला) ०.५५ च्या आसपास निघतं. चांगलं इन्सुलेशन भरलेली भिंत ०.२ च्या जवळ येते. गोल ओंडक्यांत दोन थर जिथे टेकतात तिथे जाडी आणखी कमी, म्हणून "२५ सेंटीमीटरचा ओंडका" ऐकलं की सांध्याची रुंदी विचारा. जाड लाकूड उष्णता साठवतं हे खरं. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असेल तिथे त्याचा फायदा होतो, सतत थंडी असेल तिथे फारसा नाही. पण ऊब नुसती लाकडातून जात नाही, फटींतूनही बरीच जाते. वाऱ्याच्या दिवशी टिश्यूची पट्टी कोपऱ्यांत, भिंत आणि छपराच्या जोडावर, खिडक्यांच्या बाजूंना आणि भिंतीतल्या सॉकेटपाशी धरा. उदबत्तीचा धूर यापेक्षा चांगला दिसतो, पण दुसऱ्याच्या लाकडी घरात काडी पेटवण्याआधी विचारलेलं बरं. घराच्या आत-बाहेर ५० पास्कल दाबाचा फरक ठेवून हवा-गळतीची चाचणी केली असेल तर आकडा लेखी मागा.

आता राहण्याच्या गोष्टी. सगळे दिवे बंद करायला सांगा. सॅम्पल घरात भर दुपारीही दिवे लावलेले असतात, कारण लाकडी भिंती, लाकडी छत आणि लाकडी जमीन मिळून प्रकाश पिऊन टाकतात, आणि पाइनसारखं लाकूड वर्षागणिक गडद होतं. दुसरं, एकाला वरच्या खोलीत चालायला सांगा आणि तुम्ही खाली बसा. खालचं छत म्हणजेच वरच्या जमिनीच्या फळ्या असतील तर प्रत्येक पाऊल ऐकू येईल. मध्ये ध्वनिरोधक थर कसा घालणार, हे नकाशा पक्का होण्याआधी ठरवावं लागतं. तिसरं, हात सहज जिथे बटण शोधतो पण ते नसतं, ती जागा टिपून ठेवा. ओंडक्यांच्या भिंतीत वायरसाठी उभी भोकं रचताना पाडतात. मागाहून एक सॉकेट वाढवायचा म्हणजे उघडी पट्टी चालवावी लागते. नळही बाहेरच्या भिंतींत घालता येत नाहीत, ते आतल्या हलक्या भिंतींतून न्यावे लागतात. म्हणून स्वयंपाकघर आणि न्हाणीघर कोणत्या भिंतीला आहे त्याला महत्त्व आहे.

खोल्या स्वतः मोजा, नकाशावर विसंबू नका. क्षेत्रफळ बाहेरून मोजलेलं की आतून, हे विचाराच. ९ बाय १२ मीटरचं घर बाहेरून १०८ चौरस मीटर. भिंत २५ सेंटीमीटरची धरली तर आत ८.५ बाय ११.५, म्हणजे ९८ चौरस मीटरही नाही. एक खोलीच भिंतींत गेली. त्यात गोल भिंतीला कपाट टेकत नाही, मागे फट राहते आणि प्रत्येक ओंडक्याच्या पाठीवर धूळ बसते. दुमजली उंच दिवाणखाना पाहून मोहून जाल, तेव्हा वर माळ्यावर जाऊन दहा मिनिटं बसा. गरम हवा तिथे साठते आणि खाली पाय गार राहतात. छताचा पंखा आहे का, उंच काचा पुसायला शिडी कुठे लावणार, एवढं पाहून ठेवा.

शेवटी कंपनीच्या कार्यालयात बसल्यावर घराच्या फोटोंवर तीन रंगांनी खुणा करून घ्या: पॅकेजमध्ये काय येतं, जादा पैसे मोजून काय, आणि कंपनी देतच नाही असं काय. काही पॅकेजमध्ये फक्त ओंडके आणि सांध्याचं सामान असतं. काहींत छप्पर आणि खिडक्याही. पाया, क्रेन, उभारणी, वीज, नळ, आतली भिंतकामं, पहिला लेप आणि पुढच्या दोन वर्षांचं जॅक फिरवणं हे कोणाकडे, ते प्रत्येक ओळीपुढे लिहून घ्या. भिंत किती बसेल याचा आकडा आणि तो धरून काढलेला खिडकीचा तपशील कागदावर मागा. ओंडक्यांच्या बांधकामासाठी अमेरिकेत आयसीसी ४०० नावाचं स्वतंत्र मानक आहे, आणि ओंडक्यांची ताकद ठरवण्यासाठी एएसटीएम डी ३९५७. ही नावं काढल्यावर समोरचा काय बोलतो त्यावरून त्यांचा इंजिनिअर कितपत हजर आहे ते कळतं. ओंडके आणणारी लांब गाडी तुमच्या जागेपर्यंत वळेल का, हेही तिथेच विचारून टाका.

आणि सॅम्पल घर पाहून झालं की त्याच कंपनीने पाच ते दहा वर्षांपूर्वी बांधलेलं, लोक राहत असलेलं एक घर दाखवायला सांगा. मालकाशी विक्रेता नसताना बोला. कोणतं दार किती वेळा रंध्याने तासलं, लेप किती वेळा दिला आणि त्याला किती दिवस लागले, जॅक कोण फिरवतं, पहिल्या हिवाळ्यात वारा कुठून आला, एवढंच विचारा. पाच वर्षांत एकही दार तासावं लागलं नसेल, तर त्यांच्या चौकटीवरच्या पट्टीमागे काय आहे ते बघून घ्या आणि तसंच काम तुमच्या करारात लिहून मागा.